टीपी-लिंक आर्चर टी३यू प्लस लिनक्सवर: आधी कर्नल बघा, मग खिशात हात घाला

डेस्कटॉपला वायफाय हवंय, किंवा लॅपटॉपमधलं कार्ड लिनक्सला ओळखता येत नाही, अशा वेळी अँटेनावाला एसी१३०० डोंगल हा सगळ्यात सोपा उपाय वाटतो. आर्चर टी३यू प्लस हा त्यातला सहज मिळणारा. विंडोजवर तो कसा चालतो हे सांगणारी परीक्षणं ढिगानं सापडतील, त्यामुळे इथं फक्त लिनक्सचं बोलू.

निकाल आधीच सांगून टाकतो. कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) ६.१२ किंवा त्यापुढचा असेल तर खुशाल घ्या. ६.२ ते ६.११ असेल तर डोंगल लागेल, चालेल, पण वेगाबद्दल कुरकुर राहील. कर्नल त्याहून जुना असेल आणि तो बदलायची तयारी नसेल, तर हा डोंगल दुकानातच राहू द्या. यूनेम -आर ही आज्ञा दिली की कर्नलचा आकडा समोर येतो.

(टर्मिनलच्या आज्ञा इथं देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे.)

आत काय आहे

आत रिअलटेकची आरटीएल८८१२बीयू ही चिप आहे. दोन पट्टे, दोन स्ट्रीम (एकाच वेळी चालणारे डेटाचे प्रवाह), ८०२.११एसी, यूएसबी ३.०. ब्लूटूथ नाही. हेडफोन जोडायचा बेत असेल तर ब्लूटूथचा डोंगल वेगळा घ्यावा लागेल.

खोक्यावरचा १३०० हा आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ८६७ आणि २.४ गिगाहर्ट्झचे ४०० यांची बेरीज आहे. हा डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कधीच हाती लागत नाही. त्यातले ४०० सुद्धा कागदोपत्रीच धरा. ८०२.११एनच्या प्रमाणात दोन स्ट्रीम आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर कमाल ३०० बसतात. ४०० गाठायला २५६-क्वॅम ही प्रमाणाबाहेरची युक्ती लागते, आणि ती राउटरलाही यावी लागते. शहरातल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची इतकी दाटी असते की ४० मेगाहर्ट्झ रुंदी तशीही क्वचितच मिळते. थोडक्यात, हा ५ गिगाहर्ट्झसाठी घ्यायचा डोंगल आहे.

ही सगळी माहिती चिपची आहे, टीपी-लिंकची नाही, आणि लिनक्सवर खरेदी करताना तेच महत्त्वाचं. कर्नलला ब्रँड कळत नाही. त्याला कळतात दोन चार-आकडी क्रमांक: उत्पादकाचा आणि वस्तूचा. टी३यू प्लसचा क्रमांक २३५७:०१३८. एलएसयूएसबी दिल्यावर हीच जोडी दिसायला हवी. वेगळी दिसली तर हातात आलेली वस्तू वेगळी आहे, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

एवढ्या बारकाईची गरज का पडते, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण याच कंपनीचं आहे. टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ होती. तिचा एटीएच९के_एचटीसी हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, त्यामुळे लिनक्सवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली आणि जुनी परीक्षणं वाचून घेणारे फसले. आर्चर टी४यूचंही तसंच: पहिल्या दोन आवृत्त्यांत आरटीएल८८१२एयू, तिसरीत आरटीएल८८१२बीयू. नावात एका अक्षराचा फरक, पण ड्रायव्हर पूर्ण वेगळा. बीयूला मुख्य कर्नलमध्ये ६.२ पासून जागा आहे, तर एयूचा ड्रायव्हर तिथं बराच उशिरा आला. तो हवा असेल तर ६.१४ किंवा पुढचा कर्नल धरून चला. म्हणून खोक्यावरच्या बारकोडजवळ छापलेला आवृत्तीचा आकडा न वाचता पैसे देऊ नका.

कोणत्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या कोणत्या प्रकारावर) काय होतं

ड्रायव्हरचं नाव आरटीडब्ल्यू८८_८८२२बीयू. चिप ८८१२ आणि ड्रायव्हर ८८२२ बघून गोंधळू नका. ८८२२ ही त्याच घराण्यातली ब्लूटूथसह येणारी चिप आहे आणि दोघींना एकच ड्रायव्हर चालतो.

उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नलसह आलं, त्यामुळे डोंगल खोचताच नेटवर्कची यादी दिसते. ऑगस्ट २०२५ मधल्या २४.०४.३ पासून हार्डवेअर एनेबलमेंटचा (एचडब्ल्यूई) ६.१४ किंवा त्यापुढचा कर्नल मिळतो, आणि या डोंगलसाठी तो घेण्यात शहाणपणा आहे:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४

लिनक्स मिंट २२ चा पाया तोच, त्यामुळे गणितही तेच; २२.२ मध्ये ६.१४ आधीपासून आहे. उबुंटू २२.०४ चा मूळ ५.१५ कर्नल या डोंगलकडे ढुंकूनही बघत नाही. तिथं एचडब्ल्यूईनं ६.८ पर्यंत जाता येतं. डेबियन १२ चा कर्नल ६.१, म्हणजे अगदी एका पायरीनं हुकलेला. बुकवर्म-बॅकपोर्ट्समधून (डेबियन १२ साठीचं नव्या पॅकेजांचं भांडार) नवा कर्नल घेतला की काम होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, तिथं प्रश्नच नाही. फेडोरा आणि आर्चवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

मिंट आणि उबुंटूतली ड्रायव्हर मॅनेजरची खिडकी इथं कामाची नाही. ती एनव्हिडिया, ब्रॉडकॉम असे मालकीहक्काचे ड्रायव्हर दाखवते. कर्नलमधला ड्रायव्हर तिच्यात कधीच दिसणार नाही, त्यामुळे ‘ड्रायव्हर सापडला नाही’ असं वाचून घाबरायचं कारण नाही.

कर्नल बदलायचा तर इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी वायफाय हवं, हा पेच अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन डेटा केबलनं जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. काही सेकंदांत यूएसबी० किंवा ईएनएक्सनं सुरू होणारं नाव असलेलं वायर्ड कनेक्शन उभं राहतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन स्वतः घरच्या वायफायवर असला तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको.

खोचला, पण काहीच झालं नाही

इथं लोक लगेच गिटहबवरून ड्रायव्हर उतरवायला धावतात. आधी तीन गोष्टी बघा, पाच मिनिटांत कळतं घोडं कुठं पेंड खातंय.

एलएसयूएसबी -टी

ही आज्ञा यूएसबीचं झाड दाखवते. डोंगलच्या ओळीत ड्रायव्हर= पुढे आरटीडब्ल्यू_८८२२बीयू (नव्या कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८_८८२२बीयू) असेल तर ड्रायव्हर चिकटला आहे, अडचण पुढे कुठेतरी आहे. त्या जागी रिकामं किंवा ‘नन’ असेल तर कर्नलकडे या क्रमांकासाठी ड्रायव्हर नाही, किंवा तो मुद्दाम अडवलेला आहे. त्याच ओळीच्या शेवटी ४८०एम किंवा ५०००एम असतं, त्याकडे नंतर येऊ.

डोंगल झाडात दिसतच नसेल तर ड्रायव्हरचा संबंधच नाही. सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू चालू ठेवून (ही आज्ञा घडेल तसं दाखवत राहते) डोंगल काढून पुन्हा खोचा. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ अशी ओळ आली तर दोष पोर्टचा, एक्स्टेंशन केबलचा किंवा वीजपुरवठ्याचा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना आतून लांब वायर असते. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावून बघा. रास्पबेरी पायवर हीच तक्रार कमी ताकदीच्या अडॅप्टरमुळे येते. विजेशिवाय चालणाऱ्या हबवर तर हा डोंगल लावूच नका.

दुसरी नेहमीची ओळ: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर आरटीडब्ल्यू८८/आरटीडब्ल्यू८८२२बी_एफडब्ल्यू.बिन फेल्ड विथ एरर -२’. -२ म्हणजे फाइलच नाही. ड्रायव्हर ठणठणीत आहे, पण चिपमध्ये भरायचा तिचा स्वतःचा प्रोग्राम डिस्कवर नाही. उबुंटूत तो लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजमध्ये येतो, डेबियनमध्ये फर्मवेअर-रिअलटेकमध्ये. डेबियन ११ वरून १२ वर आलेल्यांची इथं हमखास चूक होते. १२ पासून ही पॅकेजं नॉन-फ्री-फर्मवेअर या नव्या विभागात गेली. सोर्सेस.लिस्टमध्ये नुसतं नॉन-फ्री राहिलं तर अपग्रेड बिनबोभाट होतो, फक्त फर्मवेअर जुनंच राहतं. ओळीत नवा शब्द घाला, एपीटी अपडेट करा, पॅकेज टाका, मग:

सुडो मॉडप्रोब -आर आरटीडब्ल्यू८८_८८२२बीयू
सुडो मॉडप्रोब आरटीडब्ल्यू८८_८८२२बीयू

/लिब/फर्मवेअर/आरटीडब्ल्यू८८ मध्ये फाइलच्या नावामागे .झेडएसटी किंवा .एक्सझेड दिसलं तर ते बरोबरच आहे. नव्या डिस्ट्रो फर्मवेअर दाबून ठेवतात आणि कर्नल ते स्वतः उलगडतो. हातानं उलगडायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट आरएफकिल लिस्ट, म्हणजे वायफाय कुठे अडवलंय का ते दाखवणारी आज्ञा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय. ‘हार्ड ब्लॉक्ड’ बहुधा लॅपटॉपच्या बटणाचं किंवा बायोसचं काम असतं आणि ते डोंगलला सहसा लागू होत नाही, त्यामुळे यादीतली कोणती ओळ डोंगलची आणि कोणती आतल्या कार्डाची हे नीट वाचा. डोंगलचं नाव डब्ल्यूएलएएन० असेलच असं नाही. यूएसबी वायफायला डब्ल्यूएलएक्स आणि त्यापुढे मॅक पत्ता असं लांबलचक नाव मिळतं. जुन्या लेखांतल्या आज्ञा जशाच्या तशा चिकटवल्या की ‘नो सच डिव्हाइस’ येतं ते यामुळेच. आधी आयडब्ल्यू डेव्ह देऊन खरं नाव घ्या.

टी३यू प्लसशी संबंध नाही, पण स्वस्त बिननावाचे डोंगल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. एलएसयूएसबीत ०बीडीए:१ए२बी दिसलं तर तो डोंगल सीडीचं सोंग घेऊन बसला आहे. विंडोजचा ड्रायव्हर पोटात ठेवून येणारे रिअलटेक डोंगल सुरुवातीला डिस्क म्हणून उभे राहतात. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका आणि यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी द्या. यातला के मोठा. क्रमांक बदलला (आरटीएल८८११सीयू असेल तर ०बीडीए:सी८११) की पुढचं काम ड्रायव्हर करतो. डेस्कटॉपवर उगवलेली सीडी इजेक्ट केली तरी बहुधा तेच घडतं.

वेग: ४८० की ५०००

आता एलएसयूएसबी -टीच्या शेवटच्या आकड्याकडे येऊ. ही चिप आधी यूएसबी २ म्हणून जागी होते आणि ड्रायव्हरनं सांगितलं तरच यूएसबी ३ मध्ये उडी मारते. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. कर्नलच्या ड्रायव्हरला सुरुवातीला ही उडी येत नव्हती, त्यामुळे निळ्या पोर्टात लावूनही ४८०एमच दिसायचं. यूएसबी २ मधून प्रत्यक्षात ३०० मेगाबिटच्या आसपासच हाती लागतात. ५० किंवा १०० मेगाबिटच्या घरगुती जोडणीला त्यानं काही फरक पडत नाही, हेही खरं. घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवणाऱ्यांना आणि ५०० मेगाबिटचा प्लॅन घेतलेल्यांना मात्र टोचतं.

तुमच्या कर्नलला उडी येते का, हे आवृत्तीचे आकडे घोकण्यापेक्षा ड्रायव्हरलाच विचारा:

मॉडइन्फो आरटीडब्ल्यू८८_यूएसबी

उत्तरात स्विच_यूएसबी_मोड हा पर्याय दिसला तर येते, आणि ती आपोआप चालू असते. डीएमईएसजीमध्ये डोंगल एकदा निखळून पुन्हा जोडल्यासारखा दिसेल. तो बिघाड नाही, तीच उडी.

हा पर्याय बंद करायची सोय मुद्दाम ठेवली आहे, आणि तिचं कारण रंजक आहे. यूएसबी ३ च्या सिग्नलमधून निघणारी गडबड थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडते; इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. म्हणजे डोंगल यूएसबी ३ वर गेला की ५ गिगाहर्ट्झचा वेग वाढतो, पण २.४ वर असाल तर पोहोच कमी होते, शेजारच्या पोर्टातला वायरलेस माउसही अडखळू शकतो. २.४ वरच राहायचं असेल (लांबची खोली, जुना राउटर) तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फ नं संपणारी फाइल करून एक ओळ टाका:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_यूएसबी स्विच_यूएसबी_मोड=एन

मशीन पुन्हा सुरू करा. त्यातही अर्धा-पाऊण मीटरची चांगली यूएसबी केबल लावून डोंगल कॅबिनेटपासून लांब ठेवला तर बऱ्याचदा हे सगळं न करताच भागतं. मशीनच्या मागं, भिंत आणि पत्र्याच्या मधल्या बेचक्यात अडकवलेल्या अँटेनाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

वेग मोजताना इंटरनेटची स्पीड टेस्ट बाजूला ठेवा. आयडब्ल्यू डेव्ह <नाव> लिंक ही आज्ञा द्या. राउटरजवळ ‘८६६.७ मेगाबिट, व्हीएचटी-एमसीएस ९, ८० मेगाहर्ट्झ, व्हीएचटी-एनएसएस २’ असं काहीतरी दिसलं तर चिप पूर्ण क्षमतेनं जोडली आहे. ४३३ आणि एनएसएस १ म्हणजे एकच स्ट्रीम चालू. २० मेगाहर्ट्झ दिसलं तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी बघा, लिनक्सला दोष देऊ नका. सिग्नल -५० च्या घरात उत्तम, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर, -७५ च्या खाली गेल्यावर कोणताच ड्रायव्हर काही करू शकत नाही. जोडणीचा दर ८६७ दिसला तरी प्रत्यक्ष फाइल साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश वेगानं जाते. हे वायफायचंच गणित आहे. खरा आकडा हवा तर राउटरला केबलनं जोडलेल्या दुसऱ्या मशीनवर आयपर्फ३ चालवा.

बाहेरचा ड्रायव्हर: शक्यतो नकोच

कर्नल जुना आहे आणि बदलता येत नाही, अशांसाठी गिटहबवर ८८एक्स२बीयू नावाचा ड्रायव्हर आहे. मूळ रिअलटेकचा, स्वयंसेवकांनी नव्या कर्नलशी जुळवून ठेवलेला. काही वर्षांपूर्वी या डोंगलसाठी तोच एक मार्ग होता आणि त्यानं पुष्कळांचं काम भागवलं. आजही तो वेगाला वाईट नाही. पण तो सांभाळावा लागतो, आणि माझा आक्षेप तिथंच आहे.

तो डीकेएमएसमार्फत बसतो, म्हणजे कर्नल बदलला की त्या कर्नलसाठी नव्यानं कंपाइल होतो. त्याला त्या-त्या कर्नलची हेडर पॅकेजं लागतात. सिस्टिमनं रात्री कर्नल अपडेट केला, हेडर आले नाहीत, की सकाळी वायफाय गायब आणि हेडर उतरवायला इंटरनेटही नाही. म्हणून उबुंटूत लिनक्स-हेडर्स-जेनेरिक (एचडब्ल्यूई कर्नल असेल तर त्याचं जुळं) आणि डेबियनमध्ये लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे सर्वसाधारण पॅकेज टाकून ठेवा. फक्त आजच्या आकड्याचं टाकलं तर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. कंपाइल अडलं तर नेमकं का, ते /व्हार/लिब/डीकेएमएस/ च्या आत बिल्ड फोल्डरमधल्या मेक.लॉग फाइलमध्ये असतं. शेवटची ओळ नाही, पहिली ‘एरर’ वाचा.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला प्रोग्राम अडवणारी सोय) चालू असेल तर आणखी एक अडसर. ड्रायव्हर कंपाइल होतो, बसतो, आणि मॉडप्रोब दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. घरी बनवलेल्या मॉड्यूलवरची सही कर्नलच्या ओळखीची नाही, एवढाच त्याचा अर्थ. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याची गरज नाही. मोकयूटिल --एसबी-स्टेट देऊन स्थिती बघा, मग त्या सहीची चावी नोंदवा. उबुंटूत ती /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/ मध्ये एमओके.डीईआर नावानं असते (एमओके मोठ्या अक्षरांत), डेबियनवर बहुधा /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब. सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट आणि पुढे तो मार्ग. एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर निळा पडदा येतो: एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रीबूट. तो पडदा थोडा वेळच थांबतो. चुकला तर इम्पोर्ट पुन्हा करा. पासवर्डमध्ये चिन्हं टाळा, कारण त्या वेळी कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो.

आणि आता या प्रकरणातली सगळ्यात चकवणारी गोष्ट. दोन ड्रायव्हर एकाच डोंगलवर हक्क सांगू नयेत म्हणून ८८एक्स२बीयूचा इन्स्टॉलर /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये कर्नलवाल्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकणारी फाइल ठेवतो. पुढे कधीतरी कर्नल ६.१२ च्या पुढे जातो, बाहेरचा ड्रायव्हर त्यावर कंपाइल होत नाही, आणि आतला ड्रायव्हर काळ्या यादीत अडकलेला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. एलएसयूएसबी -टीमध्ये ड्रायव्हरची जागा रिकामी दिसते आणि माणूस डोंगल जळाला समजून नवा आणतो. नव्या कर्नलवर आलात की आधी डीकेएमएस स्टेटसनं काय बसलंय ते बघा, ड्रायव्हरसोबत आलेली रिमूव्ह-ड्रायव्हर स्क्रिप्ट चालवा, मग त्या फोल्डरमध्ये काळ्या यादीची (ब्लॅकलिस्ट) ओळ उरली आहे का ते शोधा:

ग्रेप -आर ८८२२बीयू /ईटीसी/मॉडप्रोब.डी/

काही उरलं असेल तर ती फाइल काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

उत्पादकांच्या साइटवर मिळणाऱ्या ‘लिनक्स ड्रायव्हर’च्या झिप फाइली साधारणपणे एखाद्या जुन्या कर्नलपुरत्या असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

जोडणी तुटत राहिली तर

डीएमईएसजीमध्ये ‘फेल्ड टू गेट टीएक्स रिपोर्ट फ्रॉम फर्मवेअर’ अशा ओळी अधूनमधून येतात. जोडणी टिकून असेल तर दुर्लक्ष करा. खरोखर तुटत असेल तर पहिला संशय वीजबचतीवर. आयडब्ल्यू डेव्ह <नाव> सेट पॉवर_सेव्ह ऑफ (सुरुवातीला सुडो लावून) देऊन तासभर वापरून बघा. फरक पडला तर कायमचं करा: उबुंटूत /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मध्ये (फोल्डरच्या नावात एन आणि एम मोठे) डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ या फाइलीत वायफाय.पॉवरसेव्ह = ३ आहे, तिथं २ करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. एवढ्यानं भागलं नाही तर आरटीडब्ल्यू८८_कोअरला डिसेबल_एलपीएस_डीप=वाय हा पर्याय द्या, वर सांगितल्याप्रमाणे मॉडप्रोब.डी मधूनच.

लॅपटॉपवर टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) असेल तर ते यूएसबी पोर्ट झोपवतं. झाकण उघडल्यावर डोंगल मेलेला दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळे. /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ मध्ये यूएसबी_डिनायलिस्ट="२३५७:०१३८" (यूएसबी_डिनायलिस्ट मोठ्या अक्षरांत).

नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा पासवर्डच विचारतो? नेटवर्कमॅनेजर शोध घेताना मॅक पत्ता बदलत राहतं आणि काही रिअलटेक ड्रायव्हरना ते झेपत नाही. वरच्याच कॉन्फ.डी फोल्डरमधल्या .कॉन्फ फाइलीत, डिव्हाइस विभागात वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो टाका. बाहेरचा ड्रायव्हर वापरणाऱ्यांना याचा उपयोग जास्त.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क फोनवर दिसतं पण डोंगलवर नाही, तेव्हा आयडब्ल्यू रेग गेट बघा. ‘कंट्री ००’ असेल तर कर्नल तुम्ही कोणत्या देशात आहात हे न कळल्यामुळे हात आखडून आहे: १२-१३ चॅनेल नुसते ऐकायचे, ५ गिगाहर्ट्झवर स्वतःहून प्रसारण नाही. सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन (आयएन मोठ्या अक्षरांत). भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा परवान्याशिवाय खुला झाला, त्यामुळे इथं चॅनेलांचा तोटा नाही. अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्यांनी अर्थातच आपापल्या देशाचा कोड घालावा.

त्यापेक्षा दुसरं काही?

ड्रायव्हरचा विचारच करायचा नसेल तर मीडियाटेकची चिप घ्या. एमटी७६१२यू (उदाहरणार्थ आल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम) ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे आणि डेबियन १२ वरही खोचला की चालतो. क्षमता टी३यू प्लसइतकीच, किंमत बरीच चढी. वायफाय ६ हवं तर एमटी७९२१एयू, त्याला ५.१८ च्या पुढचा कर्नल पुरतो. रिअलटेकच्या यूएसबी वायफाय ६ चिपना मुख्य कर्नलमध्ये ६.१७ पासून कुठे जागा मिळू लागली, तेव्हा त्याहून जुना कर्नल वापरणाऱ्यांनी ते डोंगल टाळावेत, पेटीवर पेंग्विन छापलेला असला तरी.

लॅपटॉप उघडायची तयारी असेल तर इंटेल एएक्स२१० हे एम.२ कार्ड या सगळ्यांपेक्षा सरस; कर्नल ५.१० पासून आधार आहे आणि ब्लूटूथही मिळतं. घेताना एएक्स२११ उचलू नका. दिसायला जुळं, पण ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांशी जोडलेल्या सीएनव्हीआयओ२ खाचेतच चालतं. एएमडीच्या मशीनमध्ये ते लिनक्सला काय, विंडोजलाही दिसणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेणार असाल तर सोबत लॅपटॉप आणि उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह न्या, आणि डिस्कवरच्या सिस्टिमइतक्याच जुन्या-नव्या कर्नलचा न्या, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. ‘ट्राय उबुंटू’ निवडा, डोंगल खोचा, एलएसयूएसबी -टी. ड्रायव्हर= पुढे नाव आलं आणि दुकानाचं वायफाय यादीत दिसलं तर पैसे द्या. ऑनलाइन मागवत असाल तर परतीची मुदत संपायच्या आत हेच घरी करा. खोकं तोवर फाडू नका.